कंबर धरलेल्याचं रक्त

कपाट सरकवायचं नव्हतं, म्हणून टेक्निशियनने कंबर धरली. कपाट बायकोच्या माहेरचं, लोखंडी, आणि इतकं जड की ते खोलीत आलं त्या दिवसापासून खालच्या मजल्यावरचा पंखा तिरका फिरतो. बायकोला ते खिडकीसमोरून हलवून हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसची रस्सीखेच होती आणि दोराच्या अगदी शेवटी उभं राहायचा मान त्याला मिळाला होता. मानासाठी अंग राखून ठेवावं लागतं.

"आई गं," तो म्हणाला. "चमक भरली. आता महिनाभर वजन उचलणं बंद."

"राहू द्या मग," बायको म्हणाली आणि तिने त्याच्या कमरेला मलम चोळलं. तेव्हा त्याला थोडी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याच कमरेला दोर गुंडाळून त्याने समोरचा अख्खा संघ मैदानाबाहेर, पार सायकलच्या शेडपर्यंत ओढत नेला, तेव्हा मात्र मुळीच वाटली नाही.

त्याच्या प्रयोगशाळेत रक्तातले मायक्रो-आरएनए मोजत. हृदयाचा स्नायू दुखावला की हे इवलेसे रेणू त्यातून निसटून रक्तात येतात. ते वाढले की समजायचं, हृदयाला मार बसलाय. तुलनेला निरोगी माणसाचंही रक्त लागतं, आणि रस्सीखेचीच्या दुसऱ्या दिवशी ठरलेला निरोगी माणूस नेमका तापाने झोपला.

"माझं घ्या की," टेक्निशियनने दंड पुढे केला. दंड ठणकत होता, पण जिंकल्याचा ठणका गोड असतो.

दुपारी यंत्राने आकडे दिले. ते पाहून तो हसत सुटला. "मॅडम, हा कसला निरोगी? याचं हृदय म्हणजे फुटका माठ. नळी कुणाची?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी लेबल वाचलं. "तुमची."

ईसीजी साफ आला. तरी मॅडमनी आणखी रक्त काढून घेतलं, त्याला खुर्चीत बसवून चौघांकरवी जिन्यावरून घरात नेलं आणि "निकाल येईपर्यंत हलायचं नाही" असं बजावून त्या परत गेल्या.

"आणि मी यांना कपाट उचलायला लावणार होते," बायको डोळे पुसत म्हणाली.

पडल्यापडल्या टेक्निशियनच्या डोक्यात लख्ख उजाडलं. हा रेणू काही एकट्या हृदयाचा नव्हे. हातापायांचे स्नायू ताणले तरी तो रक्तात उतरतो. म्हणजे हृदय ठणठणीत होतं, फक्त तोंड उघडायचं होतं. पण उघडून सांगणार काय? दोर ओढला म्हणून? कुठल्या कमरेने?

तेवढ्यात सासरे आले. निवृत्त वायरमन, सत्तरी उलटलेले. "जावईबापूंना हवा लागायला हवी. हे कपाट खिडकीत कुणी ठेवलंय?" त्यांनी बाह्या सारल्या.

"बाबा, राहू द्या ना," तो पुटपुटला.

"तुम्ही बोलू नका. हृदयावर ताण येतो."

कपाट करकरत सरकू लागलं. प्रत्येक धक्क्याला सासरे 'हुं' करत आणि जावई पांघरूण थोडं वर ओढे. कपाट भिंतीला टेकलं तेव्हा पांघरुणाबाहेर फक्त केस उरले होते.

संध्याकाळी मॅडम हसतच आल्या. "हृदय उत्तम आहे. जो रेणू फक्त हृदयातूनच येतो, तो सापडलाच नाही. म्हणजे हे हातापायांच्या स्नायूंचं. काल घरीही यांनी काही जड उचललं का?"

"छे हो," बायको म्हणाली. "परवापासून कंबर धरलीय. मीच तर मलम चोळतेय."

"कंबर?" मॅडमनी आपले तळहात पुढे केले. त्यांवर दोराचे लाल वळ होते. "याच कमरेने काल आम्हाला सायकलच्या शेडपर्यंत नेलं. आकडे बघताच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सासरे जमिनीवर बसून दम खात होते. जावयाकडे बघणं टाळून ते कपाटाकडे बघत राहिले. बायकोने उशाजवळची मलमाची डबी उचलली आणि ती वडिलांच्या कमरेला मलम चोळू लागली.

टेक्निशियन पांघरुणातून निघाला. "बाबा, कपाट जरा तिरकं लागलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "करतो सरळ."

"थांबा," मॅडम घाईघाईने पर्स उघडत म्हणाल्या. "उचलायच्या आधी एक नळी घेते. उचलल्यावर एक. अशी संधी पुन्हा येत नाही."

बायकोने चोळता चोळता मान वर केली.

"नळ्या भरपूर आणल्यात ना?" तिने विचारलं. "कारण कपाट कुठे ठेवायचं, ते माझं अजून ठरत नाहीये."