गुळाच्या काट्यावरचा हवालदार

आमच्या उंब्रजला गूळ तोलायचा साखळ्यांचा मोठा काटा होता. एरवी त्याच्या एका पारड्यात तीस-तीस किलोंच्या गुळाच्या ढेपा आणि दुसऱ्यात वजनं असायची. पण दर तिसऱ्या आठवड्याला, बाजारादिवशी, वजनांच्या जागी आमचे हवालदार आप्पा बसायचे. खाकी अर्धी विजार, पायात पलटणीतले बूट, आणि चेहरा असा की जणू फोटो काढून घेताहेत. काटा स्थिरावला की तोलार ओरडायचा, "चार ढेपा, वर दोन किलो!" मग आप्पा जमलेल्यांना विचारायचे, "कुणाला काय शंका?"

आमच्या दवाखान्यात रीतसर वजनकाटा होता. मी तिथं कंपाउंडर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आप्पा पहिल्यांदा त्यावर चढले, तेव्हा सुई शेवटच्या आकड्याला जाऊन जी चिकटली ती आजतागायत तिथंच आहे. तेव्हापासून आप्पांचा त्यावरचा विश्वास उडाला. "तुमची सुई भेदरती, कंपाउंडर. गूळ भीत न्हाई कुणाला."

वजन झालं की ते इंजेक्शनला यायचे. औषध तेलातलं, मधासारखं दाट. थंडीत सुईतून उतरायचंच नाही. मी ती काचेची कुपी मुठीत धरून ऊब देत बसायचो आणि आप्पा भिंतीकडं तोंड करून अटेन्शनमध्ये उभे राहायचे. मी स्पिरिटचा बोळा लावला की म्हणायचे, "फायर!" कागदावर डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन असं लांबलचक नाव लिहिलं होतं. आप्पा त्याला रेशन म्हणायचे.

हे रेशन कशाचं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी दार लोटून मला सांगितलं होतं. नवे रंगरूट असताना छावणीत गालफुगीची साथ आली. आप्पांची सूज गालांवरून खाली उतरली. बरी झाली असं सगळ्यांना वाटलं, पण आतलं काम बिघडलं ते बिघडलंच. लग्नानंतर दाढी विरळ झाली, दंड सैल पडले आणि पोट वाढतच गेलं. चौदा वर्षांनी सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं, की पुरुषाच्या अंगात जे आपोआप तयार व्हायला हवं ते ह्यांच्या अंगात होत नाही. बाहेरून द्यावं लागेल, जन्मभर. वजन उतरेल, पण वर्षं लागतील. आणि मूल काही ह्यातून होणार नाही.

"मग मी म्हटलं, हुकूम म्हंजे हुकूम," आप्पा म्हणाले. "पर कुणाला बोलायचं न्हाई, कंपाउंडर. माझ्या मंडळीनं शपथ घातलीया."

मी तोंडाला कुलूप घातलं.

खोकल्याचं औषध तिसऱ्या दिवशी सोडून देणारी माणसं मी रोज बघतो. ह्या माणसानं सहा वर्षांत एक बाजार चुकवला नाही. पहाटे पुलापर्यंत चालून यायचे, दोनच भाकरी खायचे. पहिल्या वर्षी जेमतेम पाच किलो उतरले. मधे चार महिने औषध कुठंच मिळेना, तेव्हा त्यातलेही तीन परत आले. मला वाटलं, आता गडी हरला. तर म्हणाले, "चौकी गेली म्हणून कुणी लढाई सोडतं व्हय?" दुसऱ्या वर्षी दाढी करताना न्हाव्याच्या वस्तऱ्याचा खर्र आवाज आला. आप्पांनी त्याचा हात धरला. "परत कर रं. ऐकू दे."

आणि बुटांची गोष्ट. पोटामुळं आप्पांना वाकता येत नसे. रोज सकाळी त्यांच्या मंडळी, पार्वतीवहिनी, उंबऱ्यात बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायच्या. चौथ्या वर्षी एक दिवस आप्पा दवाखान्यात आले आणि पाय स्टुलावर ठेवून म्हणाले, "बगा." गाठ वेडीवाकडी होती. "मी बांधली," ते म्हणाले, आणि दुसरा पायही स्टुलावर ठेवून दाखवला. खरं सांगतो, मला त्या गाठीला नमस्कार करावासा वाटला.

पण आमच्याकडं वजन उतरणं म्हणजे दुखणं, नाहीतर उपासमार. दुखणं म्हणावं तर आप्पा पुलापर्यंत चालतात. मग राहिली बायको. "पार्वतीनं दादल्याला वाळवला," असं भावकीत सुरू झालं. थोरल्या जाऊबाई तर उघड म्हणायच्या, "आधी कूस रिकामी, आता ताट बी रिकामं." वहिनी मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. वीस वर्षं वांझपणाचा शिक्का त्यांनी स्वतःच्या कपाळी घेतला होता, तिथं हे काय! नवऱ्याला चारचौघांत कुणी हसू नये, एवढ्यासाठी त्यांनी ती शपथ घातली होती.

थोरल्या जाऊबाईंच्या सुनेचं, सुमनचं, डोहाळजेवण झालं. आळीतल्या साऱ्या बायकांनी तिची ओटी भरली. वहिनींना मात्र चुलीपुढून कुणी उठवलं नाही. पुरणपोळ्या सगळ्या त्यांनी केल्या, ओटी भरायची वेळ आली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा तितंच."

पुढच्या बाजारी आप्पांचं वजन झालं. "तीन ढेपा! वर काय न्हाई!" तोलार ओरडला. सहा वर्षांत अख्खी एक ढेप उतरली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा मात्र हसले नाहीत. पारड्यातून उतरले आणि मागं उभ्या असलेल्या वहिनींना म्हणाले, "बस."

"आवं, काय ह्ये! लोकं बगत्यात."

"बगू द्यात. बस."

वहाणा काढून वहिनी अंग चोरून बसल्या. समोर ढेपा चढल्या. दीड ढेपेला काटा सरळ उभा राहिला. आमच्याकडं गूळतुला करतात ती नवसाची, पोर झाल्यावर पोराची. बाजार गोळा झाला. कुणीतरी विचारलं, "आप्पा, नवस कसला?"

आप्पा अटेन्शनमध्ये उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी गंमत करतील.

"आमास्नी पोर न्हाई," ते म्हणाले, "ते माझ्यामुळं. हिच्यात काय बी खोट न्हाई. पलटणीत गालफुगी झाली, तवाच माझं सगळं संपलं. सुई घेतो ती त्याचीच. वजन त्यानं उतरलंय, उपाशी ऱ्हाऊन न्हाई. हिनं वीस वरसं माझं वजन उचललं. आज म्या हिचं करतोय." मग नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काय शंका?"

कुणालाच नव्हती. ज्या मुलखात पुरुष साध्या पडशाला दवाखान्यात यायला लाजतो, तिथं हा माणूस भरबाजारात हे बोलला होता. माझे डोळे भरून आले.

वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. आप्पा खाली वाकले, सगळ्यांच्या देखत त्यांच्या वहाणा पायांशी सरळ करून ठेवल्या आणि हात धरून त्यांना उतरवलं. प्रसाद वाटायला ढेप फोडली. पण पहिला खडा घ्यायला कुणी पुढं येईना.

मग गर्दीतून सुमन आली, सातव्या महिन्याचं पोट सावरत. सासू मागून हाका मारत होती. तिनं वहिनींपुढं पदर पसरला. "धाकल्या आत्याबाई, त्या दिशी तुमी ऱ्हायलासा. माजी ओटी तुमी भरा."

वहिनींनी आप्पांकडं बघितलं. आप्पा साखळीकडं बघत होते, डोळे पुसत. वहिनींनी दोन्ही हातांनी गूळ उचलला आणि तिच्या पदरात घातला.

त्या दिवशी सहा वर्षांत पहिल्यांदाच आप्पा इंजेक्शन घ्यायला विसरले. मी दवाखाना बंद होईपर्यंत वाट बघितली. मग सिरिंज उकळून डब्यात घेतली, आणि कुपीला मुठीत ऊब देत त्यांच्या घराकडं निघालो.