बहात्तर हजार

देगलूरचे निवृत्त पोस्टमास्तर अमृतराव यांच्या मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं. शनिवारी रक्ताचा रिपोर्ट आला आणि ऑपरेशन रद्द झालं.

"पांढऱ्या पेशी बहात्तर हजार आहेत. अकरा हजारांच्या आत पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. "अंगात कुठंतरी जंतुसंसर्ग असणार. आधी तो शोधू."

शोध सुरू झाला. दातांच्या डॉक्टरांना एका दाढेचा संशय आला; त्यांनी ती काढली. पेशी चौऱ्याहत्तर हजार झाल्या. कान धुतले, शहात्तर हजार. मग पत्नी दानम्मांनी कंबर कसली. घरातली टाकी घासली, गाद्या उन्हात टाकल्या आणि नवऱ्याच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख डॉक्टरांना दाखवलं. तेही निघालं.

"गाठ ऱ्हायली जाग्यावर, बाकी मी थोडा थोडा निघून राहिलो की!" अमृतराव म्हणाले.

"गप ऱ्हावा. कुठंतरी हाय म्हनत्यात ना?" दानम्मा खेकसल्या.

पेशी ऐंशी हजारांवर गेल्यावर दानम्मांचे भाऊ गुरुपादप्पा यांनी दोघांना गाडीत घातलं आणि लातूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्ताचा कर्करोग नाही याची खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "संसर्ग नाहीच. क्वचित एखादी गाठ स्वतःच असं द्रव्य सोडते, की शरीर पांढऱ्या पेशी बनवतच सुटतं. अशी गाठ तापट असते, झपाट्यानं पसरते. आता उशीर नको."

"म्हंजी चोर घरात, आन् आमी गल्ली झाडून राहिलो व्हतो!" गुरुपादप्पा म्हणाले.

मूत्राशय काढलं. पोटावर लघवीची पिशवी आली. पेशी उतरल्या. "पुन्हा वाढल्या तर लगेच या," बाईंनी बजावलं.

महिन्यानं नवरा-बायको पेशी तपासायला देगलूरच्या लॅबमध्ये गेले. तिथं काम करणाऱ्या साक्षी नावाच्या मुलीनं रक्त घेतलं, नांदेडची जुनी फाईल चाळली, मशीनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, काहीतरी चुकलंय," ती हळूच म्हणाली.

दानम्मांनी बाकाची कड घट्ट धरली.

"फाईलीत सत्तर-ऐंशी हजार हाईत, आन् हितं साडेसात हजारच आलेत. सॅम्पल बदललं असंल. पुन्यांदा रक्त द्यावं लागंल."

दानम्मा पदर तोंडाला लावून रडू लागल्या. साक्षी गोंधळली.

अमृतरावांनी बाही वर सारली.

"घे, माय," ते म्हणाले. "दोन्ही हातांचं घे."