खळ्यातला अर्जदार

धर्माकाका आमच्या घराची बेल वाजवत नसत. रविवारी सकाळी दार लोटून ते थेट हॉलच्या मधोमध येऊन बसायचे, तेही जमिनीवर. पहिल्यांदा मी चांगलाच भडकलो होतो. "काका, दाराला बेल आहे!" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "माझ्या खळ्यात यायला बेल कशाला?"

खोटं नव्हतं. गिरगावातली खोली सोडून नव्वदच्या सुमारास आम्ही मोरव्यात ज्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, ती त्यांच्याच शेतावर उभी होती. पोरांनी जमीन बिल्डरला दिली. मागच्या बाजूला नाल्याकडेचं भाताचं एक खाचर तेवढं काकांनी हट्टानं राखलं होतं. आमच्या गच्चीएवढं असेल नसेल. आणि त्यासाठी त्यांना सरकारकडून सुधारित बियाण्याचं अनुदान हवं होतं.

मी मुंबईत एका कचेरीत कारकून. म्हणजे अर्ज लिहायला मीच. "रायटर, कागदावं घे," म्हणून ते डोळे मिटायचे आणि आजोबांनी बांध कसा घातला इथपासून मजकूर सांगायला लागायचे. मी म्हणायचो, "काका, साहेबाला एवढं वाचायला वेळ नसतो." "मंग पगार कशाचा घेतो?" मी पगारदार माणूस, आजोबांच्या बांधापासून लिहायला घ्यायचो.

पहिल्या वर्षी माझा डोळा चुकवून त्यांनी अर्जाला भाताच्या पाच लोंब्या दोऱ्यानं बांधल्या. पुरावा म्हणून! चार महिने उत्तर नाही. शेवटी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर शेतकी कचेरीत गेलो, तर शिपायानं नुसता दोरा दाखवला. बाकी सगळं उंदरांनी खाल्लं होतं. मी कपाळावर हात मारला. काका मात्र परत येताना रस्ताभर खूश. "भात गोड व्हता, म्हणून खाल्ला. पुन्ना कागदावं घे."

दुसऱ्या वर्षी लोंब्यांशिवाय अर्ज गेला आणि पाहणीची तारीख आली. त्या दिवशी काकांनी बांधावरचं गवत काढलं, शहाळी आणून ठेवली आणि आमच्या हॉलमधली एकुलती एक बरी खुर्ची न विचारता उचलून बांधावर मांडली. साहेब आले. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्यांनी रस्त्यावरूनच शेत बघितलं, सही केली आणि निघाले. शहाळी तशीच राहिली. अनुदान मात्र मंजूर झालं. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं.

पुढच्याच रविवारी काका हजर. "कागदावं घे."

"आता काय मागायचं?"

"काय बी माग. पाहनी येल असं माग."

माझं डोकंच फिरलं. "सरकार काय तुमच्या शेताला पाहुणे पाठवायला बसलंय का? पोरांना न्या की दाखवायला!"

काका उठले. "त्यांना येळ न्हाय. समोरच्याच बिल्डिंगीत हायत, पन पाच वर्सांत बांधावं कुनी आला न्हाय." चहाही न घेता ते गेले.

मग दोन रविवार ते आलेच नाहीत. इतक्या दिवसांनी पेपर शांतपणे वाचायला मिळत होता आणि एक ओळही डोक्यात शिरत नव्हती. मला माझीच लाज वाटत होती.

तिसऱ्या रविवारी बेल वाजली. दारात काका. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. दार सताड उघडं धरलं तरी आत येईनात.

"अर्ज न्हाय," ते घाईघाईनं म्हणाले. "भाताला लोंब्या आल्यात. येळ झाला तर... बगाया येशील का?"

मी आत वळलो, बायकोला हाक मारली आणि हॉलमधली खुर्ची उचलली.