खालच्या पट्टीतली हळद

कोकणातला नवा माणूस कुवेतला उतरला, की हसनमियां त्याला चहा पाजत आणि पहिलाच प्रश्न विचारत, "तुझी आई हळदीला काय गायची रे?" तो बिचारा नोकरीच्या काळजीत असे. म्हातारा चळलाय, असं समजून पुष्कळजण चहा संपवून निघून जात.

एखादा लाजत गाऊ लागला, तर हसनमियां कोपऱ्यातला चेलो, ते जमिनीवर टेकवून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, पुढ्यात ओढत आणि ती चाल वाजवत. पूर्वी ते मुंबईत सिनेमांसाठी वाजवायचे. ते काम सुटलं, तसे इथे सिमेंटच्या गोदामावर आले. कुवेतच्या दस्मान भागात एका खोलीत ते, मी आणि चेलो राहायचो. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून ते वाद्याशेजारी ओला पंचा टांगत. मी तो अंग पुसायला घेतला, की म्हणत, "ठेव. तो त्याचा आहे."

बायकांच्या टिपेच्या चाली ते इतक्या खाली आणत, की हळद लागतेय की मयत निघालंय, ते कळू नये. शेजारचा डिसोझा व्हायोलिन वाजवायचा. तो एकदा वैतागला. "चेलो वर जातो, हसनमियां. इतकं खाली कशाला?"

"चेलो जातो. अमिना नाही जात."

अमिना त्यांची बायको, दाभोळला असायची. तिचा आवाज जाड, घोगरा. लग्नघरी ती गायला लागली, की बायका तोंडाला पदर लावून हसत. शेवटी ती गाणं सोडून चुलीपाशी बसू लागली.

"इथं आली की गाईल," हसनमियां म्हणाले. "इथं हसायला कोण आहे?"

तिचे कागद झाले, बोटीचं तिकीटही निघालं. तेवढ्यात तिला कावीळ झाली आणि आठवडाभरात तार आली. मातीला पोचणं शक्यच नव्हतं. तार खिशात घालून ते गोदामावर गेले आणि संध्याकाळपर्यंत पोती उतरवून घेत राहिले. पुढे कित्येक आठवडे चेलोला त्यांनी हात लावला नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी त्यांनी तो पुढ्यात घेतला. हळदीचंच गाणं होतं. या गाण्यात एकीनं ओळ म्हणायची आणि दुसरीनं पुढची उचलायची. हसनमियांनी एक ओळ वाजवली आणि गज थांबवला. ओळभर खोली गप्प. मग तिसरी ओळ. पुन्हा गप्प. त्यांना आठवत नसेल असं वाटून मी मधली ओळ गुणगुणलो.

त्यांनी गज खाली घेतला.

"तू नको," ते म्हणाले. "ती जरा उशिरा उचलते."