गोफण प्रणालीच्या स्थिर आवृत्तीची फत्ते

श्रीगजानन प्रसन्न. तमाम संगणकधारी, सुज्ञ, क्षमाशील मंडळींचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, गुडगावी काचेचे बुरूज उठले आणि रस्ते व्हावयाचे राहिले, ते समयी राजश्री यतीनराव यांणी गोफण प्रणालीची स्थिर आवृत्ती कैसी सिद्धीस नेली, ती हकीकत तिखटमीठ न लाविता लिहितो. थोडे लागले तर माफी असावी.

गोफण म्हणजे संगणक चालविणारी मूळ प्रणाली, जिच्यावाचून यंत्र केवळ पेटारा. तिची संहिता खुली. ज्यास वाटेल त्याने पाहावी, सुधारावी, फुकट न्यावी. दौलतीच्या शाखा दोन. विकास शाखेवर क्षिप्राबाई, तेथे नवे ते सर्व आजमावीत आणि यंत्र वारंवार मूर्च्छा येऊन पडे. स्थिर शाखेवर यतीनराव, तेथे कसास उतरले तेवढेच घेत. फौज सारी हौशी, एरवी कंपन्यांची चाकर, आणि जेथे पगार नाही तेथे हुकूम मानितो कोण?

प्रसंग ऐसा पडला जे, दिल्लीचे छावणीत हवालदार मल्हारी यांचे कुटुंब द्वारकाबाई जवानांच्या बायकांस संगणक शिकवीत. त्यांस मागील खेपेस यतीनरावांनी उत्साहाचे भरात विकास शाखेचीच सीडी दिली. यंत्रे अडली, बायकांचे टंकलेखन बुडाले, आणि छावणीच्या बड्या साहेबांच्या पत्नी मेमसाहेब यांचे फर्मान सुटले की, आपण पाहणीस येऊ ते दिवशी पुन्हा अडली तर खोली शिवणवर्गास जाईल. बायकांस कचेरीत नोकरी धरावयाची होती. शिवण त्यांस येतच होते. हे ऐकोन बखरकारास खरेच वाईट वाटले.

मग यतीनरावांनी छोले-भटुऱ्यांचे दुकानी दरबार भरविला आणि हुकूम फर्माविला की, आजपासोन नवे काही घेणे नाही, केवळ दोष काढणे. सर्वांनी माना डोलाविल्या, आणि मग एकेक सरदार एकांती येऊ लागला. हणमंतराव पत्त्यांचा खेळ घेऊन आले. ‘यार यतीन, छोटासाच आहे, बिल्कुल टेस्टेड!’ श्रीरंगपंतांनी किल्ल्यांची चित्रे आणिली. हेच सारे मागे पानिपताचे रणभूमीवर काला अंब येथे जाऊन, बाजारबुणग्यांपायी फौजेचे काय जाहले हे ऐकोन हळहळले होते, आणि आता प्रत्येकाचे बुणगे तेवढे मात्र अत्यावश्यक! यतीनरावांनी सर्वांस वाटेस लाविले, रुसवे पत्करिले, आणि प्रणाली चालवोन पाहिली. ती अडली.

कुल फौजेचा संशय क्षिप्राबाईंवर. धांदरटपणाचा लौकिक त्यांचाच. बाईंनी संहिता ओळीओळीने चाळिली आणि गुन्हेगार धरोन आणिला. संकष्टीचा चंद्रोदय दिल्लीचे हिशेबी सांगणारे घड्याळ, आणि ते हुकुमानंतर गुपचूप घुसविणारे खासे यतीनराव! मातोश्री उपाशी गच्चीवर उभ्या राहत, त्यांजकरिता केले होते. दरबाराच्या माना यतीनरावांकडे वळल्या. हणमंतराव मात्र भटुरा खात राहिले, पण समाधानाने.

यतीनरावांची मान खाली गेली. क्षिप्राबाई हळूच म्हणाल्या, ‘अरे, विकासमध्ये राहू दे. तिथे पडलं तरी चालतं. मी बघते त्याच्याकडे.’ मग यतीनरावांनी आपले घड्याळ आपल्याच हाते काढिले, आणि प्रणाली चालू लागली, ती चालतच राहिली.

पाहणीपूर्वी स्वारी छावणीत दाखल जाहली. द्वारकाबाईंनी सीडी हाती घेतली, पण यंत्रात घालीनात.

‘भाऊ, यात नवीन काय हाय?’

यतीनरावांस फार काही सांगावयाचे होते. पण ते म्हणाले, ‘काही नाही.’

‘मग द्या. मागच्या टायमाला नवीन होतं.’

येणेप्रमाणे दप्तरी नमूद केले जे, मेमसाहेब आल्या, खोलीभर कळफलक खडखडत राहिले, मेमसाहेब गेल्या, आणि काहीएक घडले नाही. फत्ते जाहली.