सुताराचा डोळा आणि आमच्या हरकती

न्यायालयात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी छाननी कारकून. एकवीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक आत गेलेली नाही. माणसाला न्याय मिळतो की नाही, हे बघायला वेगळं खातं आहे.

तुरुंगातल्या कारखान्यात एका कैद्याच्या, हाडाच्या सुताराच्या, डोळ्यात लाकडाचं कुसळ गेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोकेदुखीची गोळी दिली. दुसराही डोळा अंधूक व्हायला लागला तेव्हा त्याने, वकील परवडत नसल्याने, स्वतःच दावा लिहिला: उपचार हा माझा हक्क आहे. ओळी तिरक्या गेल्या होत्या. तिरक्या ओळींचे दावे आम्ही घेत नाही.

मग सरकारने तुरुंगात एआय बसवलं, अशाच बिनवकिलाच्या कैद्यांसाठी. सुताराचा दावा पुन्हा आला तो बघत राहावा असा. कलमं जागच्या जागी, समास फूटपट्टीने आखल्यासारखा. दोन दिवस मी चूक शोधत होतो, घरी जेवण गोड लागेना. शेवटी शेरा लिहिला: 'दाव्यात हरकत घेण्यासारखे काही आढळत नाही, सबब तो कैद्याने लिहिलेला नाही. स्वतःच्या शब्दांत सादर करावा.'

त्याने सादर केला. "साहेब, दिसेनासं झालंय. मोठ्या डॉक्टरला दाखवा."

आता यात कायद्याचा आधार कुठे आहे, तुम्हीच सांगा. मी शेरा मारला: यंत्राची मदत घ्यावी.

त्याची बहीण खिडकीशी आली. "साहेब, यंत्र नको असं तुम्हीच म्हणालात ना?"

"नको कुठे म्हटलं, ताई? मदत घ्यावी, पण घेतल्यासारखी वाटू नये."

"त्याला आता माझा चेहराही ओळखू येत नाही हो."

मला वाईट वाटलं. मला नेहमीच वाटतं, पण त्यासाठी रजा मिळत नाही. "म्हणून तर मदत घ्या म्हणतोय," मी तिला समजावलं.

यंत्र भलतंच पोचलेलं निघालं. या खेपेला त्याने मुद्दाम सात चुका पेरल्या, एक वाक्य अर्धवट सोडलं. दावा अगदी माणसाचा वाटला. मी शिक्का उचलला, तोच शेवटच्या पानावर नजर गेली. 'हा दावा मी स्वतः वाचला असून तो खरा आहे.' खाली अंगठा. मी तुरुंगाकडे चौकशी केली. उत्तर तत्परतेने आलं: कैद्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली आहे.

म्हणजे वाचल्याचं विधान धडधडीत खोटं. दावा फेटाळला गेला आणि खोटी प्रतिज्ञा केल्याबद्दल त्याची शिक्षा तीन महिन्यांनी वाढली.

प्रकरण पेपरात छापून आलं. कार्यालयात चाळीस पत्रं आली, सगळी शिकल्या-सवरल्या लोकांची. सगळ्यांचा सवाल एकच: कैद्यांना हे यंत्र फुकट, मग आम्हाला का नाही? डोळ्यांबद्दल एकाही पत्रात अवाक्षर नव्हतं. त्यातलं तुमचं पत्र तर मी मुद्दाम दोनदा वाचलं.