सुधारलेली गाडी आणि टक्क जागी पिटुकली

आमच्या गाडीतला कार्ब्युरेटर बदलायचा निर्णय माझा होता, हे आधीच कबूल करून टाकते. नवऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

गाडी त्याची. लाल, बुटकी, त्याच्याहून वयाने मोठी स्पोर्ट्स कार. पुढे दोन सीट आणि मागे एक फळी, जिला तो सीट म्हणतो. आमची नऊ महिन्यांची पिटुकली दुपारी फक्त या गाडीत झोपायची. पाळणा, अंगाई, पंख्याची घरघर, माझं रडणं, कशाचाच उपयोग नव्हता. गाडी मात्र खोकत, आचके देत निघाली की दुसऱ्या चौकापर्यंत बाईसाहेब गाढ. इंजिनाला पेट्रोल नीट पोचत नाही म्हणून ती अशी अडखळते, हे नवरा इतक्या कौतुकाने सांगायचा, जितक्या कौतुकाने लोक मुलांचे बोबडे बोल सांगतात.

एक दिवस मला पिटुकलीच्या टोपीला पेट्रोलचा वास आला. (मला बरेच वास येतात. मागे गॅस गळतोय म्हणून मी अख्खा मजला खाली उतरवला होता. तो शेजाऱ्यांच्या नव्या रंगाचा वास निघाला.) मी फोनवर दोन तास गळक्या पाइपांबद्दल वाचलं आणि नवऱ्याला बजावलं, एक तर गाडी सुधार, नाहीतर मी माहेरी जाते. माहेर दोन बसथांब्यांवर आहे, तरी तो घाबरला.

मेकॅनिकला तर आनंदाचं भरतं आलं. त्याने टाकी धुतली, पाइप बदलले, इलेक्ट्रिक पंप बसवला आणि कार्ब्युरेटर काढून पेट्रोल मोजून फवारणारी इंजेक्शनची यंत्रणा जोडली. गाडी गॅरेजमध्ये होती त्या आठ दिवसांत पिटुकली दुपारी झोपली नाही, म्हणजे घरात कुणाला उसंत नव्हती. आणि माझी रजा सोमवारी संपत होती. बाळाला सांभाळायला येणाऱ्या आत्याबाईंनी निक्षून सांगितलं होतं, मूल दुपारी झोपणारं असेल तरच येईन.

शनिवारी गाडी आली. किल्ली अर्धी फिरवली नाही तोच सुरू झाली. ना खोकला, ना आचका. लोण्यातून सुरी जावी तशी आम्ही गल्लीतून निघालो. नवऱ्याचे डोळे भरून आले. पुढच्या सीटवर बांधलेल्या पिटुकलीचे डोळे टक्क उघडे. दुसरा चौक गेला, सातवा गेला. ती प्रत्येक सिग्नलला हसून दाखवत होती. मागच्या फळीवर मी मात्र झोपून गेले.

परतीच्या वाटेवर मी गाडी थेट गॅरेजला न्यायला लावली आणि मेकॅनिकला विचारलं, थोडे आचके परत घालता येतील का. फार नकोत, पूर्वीच्या निम्मे चालतील.

त्याने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "ताई, तीस वर्षं झाली या धंद्यात. लोक आचके काढायला येतात. घालायला आलेल्या तुम्ही पहिल्या."

रविवारी नवऱ्याने मुद्दाम वाईट चालवायचा प्रयत्न केला. पण त्याचा हातच सफाईचा. प्रत्येक धक्का झोक्यासारखा बसायचा आणि पिटुकली टाळ्या वाजवायची. सोमवार डोळ्यांपुढे नाचू लागला. शेवटी मी म्हटलं, सरक, मी चालवते.

लायसन्स माझ्याकडे आहे. (परीक्षा घेणाऱ्याने ते फार घाईघाईने दिलं होतं आणि तो लगेच गाडीतून खाली उतरला होता.) नवरा स्वतःची घडी घालून मागच्या फळीवर बसला. मी क्लच सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. गिअरमधून असा आवाज आला, की कोपऱ्यावरचा भाजीवाला हातगाडी ढकलत फुटपाथवर चढला. पहिल्या चौकापर्यंत मी पाच वेळा थांबले, त्यातलं एकदाच मुद्दाम. नवरा गाडीसाठी मागे हळू आवाजात देवाचं नाव घेत होता.

मग तो एकदम गप्प झाला. मी घाबरून म्हटलं, "काय झालं? काय मोडलं?"

"गाढ झोपली," तो कुजबुजला.

पिटुकली तोंड उघडं टाकून घोरत होती.

आत्याबाई सोमवारपासून येतात. मी रोज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून धावत घरी येते, दोन चौक गाडी चालवते आणि परत जाते. नवऱ्याची आता कसलीच तक्रार नाही. परवा मी हौसेने ड्रायव्हिंग क्लासची चौकशी केली, तेव्हा मात्र त्याने माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला.

"तेवढं शिकू नकोस," तो म्हणाला. "पिटुकली अजून लहान आहे."